सहावीच्या वर्गात इंग्रजीचं वाक्य बसवताना

सहावीत आलेल्या मुलांना इंग्रजी शब्द भरपूर येतात. फळं, रंग, वार, महिने, प्राणी, शरीराचे अवयव, सगळं धडाधड म्हणून दाखवतात. कविता तर हावभावासकट. राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झालं, त्यामुळे सहावीत पाऊल टाकणाऱ्या मुलाच्या गाठीशी इंग्रजीची पाच वर्षं असतात. आम्ही एबीसीडी गिरवायला लागलो ते पाचवीत, त्या मानाने ही मुलं खूप पुढे आहेत. पण ‘काल तू काय केलंस ते इंग्रजीत सांग’ म्हटलं की सगळा वर्ग गप्प. शब्द आहेत, पण त्यांचं वाक्य होत नाही.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवते. निम्म्याहून जास्त मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. घरात इंग्रजी तर नाहीच, पण पुस्तकातली मराठीही घरात कुणी बोलत नाही. अशा वर्गात इंग्रजीचं व्याकरण कुठून सुरू करायचं, कुठल्या क्रमाने न्यायचं, कशावर थांबायचं हे मला वर्गातच उमगत गेलं. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे. मुलांना व्याकरण येतं. त्यांच्या घरच्या मराठीचं व्याकरण त्यांना इतकं चोख येतं की त्यात ती कधी चुकत नाहीत. इंग्रजीचा रस्ता त्या मराठीतूनच जातो, तिला बाजूला ठेवून जात नाही.

सर्वसाधारणपणे सुरुवात व्याख्यांपासून होते. नाउन म्हणजे काय, व्हर्ब म्हणजे काय. मुलं व्याख्या खाडखाड म्हणतात आणि समोरच्या वाक्यातला व्हर्ब मात्र त्यांना सापडत नाही. मी व्याख्या सातवीच्या दुसऱ्या सत्रापर्यंत फळ्यावर येऊच देत नाही. सहावीचा पहिला महिना फक्त शब्दांच्या जागेसाठी देते.

त्यासाठी जुन्या पुठ्ठ्यांच्या पट्ट्या पुरतात. तीन मुलं पुढे येतात. एकाच्या हातात ‘कुत्र्याने’, दुसऱ्याच्या ‘मांजराला’, तिसरीच्या ‘पकडलं’. वर्गाने वाक्य वाचायचं. मग मी त्यांना जागा बदलायला लावते. ‘मांजराला कुत्र्याने पकडलं.’ ‘पकडलं कुत्र्याने मांजराला.’ सहा प्रकारे उभं करता येतं, सहाही वेळा मी विचारते, ‘कुणी पकडलं?’ उत्तर एकच, कुत्र्याने. मग इंग्रजी पट्ट्या: ‘द डॉग’, ‘कॉट’, ‘द कॅट’. वाचून होतं. आता डॉगवाला आणि कॅटवाली जागा बदलतात, आणि मांजरच कुत्र्याला पकडतं! वर्गात जो हशा पिकतो त्या हशातच तो धडा पुरा होतो. मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला होता, ‘मॅडम, त्यात ‘ने’ कुठंय?’ मला नेमकं तेच हवं होतं. मराठीत कुणी केलं ते ‘ने’ सांगतो, कुणाला केलं ते ‘ला’ सांगतो, म्हणून शब्द कुठेही बसले तरी चालतं. इंग्रजी नामाला असे प्रत्यय लागत नाहीत, तिथे जागाच ‘ने’ आणि ‘ला’चं काम करते. करणारा पहिला, क्रिया दुसरी, बाकीचं मागून. ही गोष्ट मुलांना एकदा अशी दिसली की ‘आय भाकरी ईट’ असं लिहिणं आपोआप कमी होत जातं, कारण आता जागेला अर्थ आहे हे त्यांना ठाऊक असतं.

यानंतरचा डोंगर म्हणजे ॲम, इज, आर. कोणत्याही सहावीच्या वर्गात वह्या गोळा करा, ‘आय ॲम गो टू स्कूल’, ‘आय ॲम लाइक मँगो’, ‘आय ॲम प्ले क्रिकेट’ ही वाक्यं सापडतीलच. मुलं हे का लिहितात यावर मी बराच विचार केला. पहिलीपासून त्यांनी ‘आय ॲम अ बॉय’, ‘आय ॲम इन स्टँडर्ड फोर’ हीच वाक्यं म्हटलेली असतात. त्यांच्या कानाला ‘आय’ आणि ‘ॲम’ कधी सुटे ऐकूच आलेले नाहीत. त्यांच्यालेखी ‘आयॅम’ हा एकच शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘मी’. मग ‘मी जातो’ म्हणजे ‘आयॅम गो’. यात मुलाची काहीही बेपर्वाई नाही, त्याला जे मिळालं त्यातून त्याने सरळ नियम काढला आहे.

तो जोड उकलायला मी इंग्रजीकडे जातच नाही. फळ्यावर तीन रकाने आखते आणि मुलांना घरी बोलतात तशी मराठी वाक्यं सांगायला लावते. ‘आई शेतात हाय.’ ‘आई रोज शेतात जाती.’ ‘आई भाकर करायलीय.’ पहिल्या रकान्यात नुसतं असणं, दुसऱ्यात रोजचं काम, तिसऱ्यात आत्ता चालू असलेलं काम. पुस्तकातलं ‘आई भाकरी करत आहे’ हे आमच्या गावात कुणी म्हणत नाही, म्हणून ते वाक्य दिलं की मुलांना त्यातला ‘आहे’ आणि पहिल्या रकान्यातला ‘आहे’ सारखाच वाटतो. ‘करायलीय’ म्हटलं की चालू असलेलं काम लगेच डोळ्यापुढे येतं. रकाने मराठी वाक्यांनी भरले की मगच वर इंग्रजी येतं. पहिल्या रकान्यावर ॲम, इज, आर. तिसऱ्यावर ॲम, इज, आर आणि क्रियापदाला ‘इंग’. मधल्या रकान्यावर मी काहीच लिहीत नाही, तिथे मोठी फुली मारते. इथे ॲमला प्रवेश नाही. पुढे कितीतरी दिवस मुलं एकमेकांच्या वह्या तपासताना ‘अरे, मधला रकाना!’ एवढंच म्हणतात.

शिकवणीत आणि गाइडात सहावीच्या मुलांना बारा काळांचा तक्ता देतात. पालकही विचारतात, ‘टेन्स झाले का?’ माझं मत स्पष्ट आहे: या वयात तो तक्ता मुलांचं नुकसान करतो. ‘आय शॅल हॅव बीन गोइंग’ म्हणणाऱ्या मुलाला ‘मला तहान लागली’ सांगता येत नसेल तर त्या बाराचा उपयोग काय? आठवीपर्यंत रोजचा वर्तमान, चालू वर्तमान, साधा भूतकाळ आणि ‘विल’ एवढं हाताखाली आलं की मूल आपल्या आयुष्यातलं बहुतेक सगळं सांगू शकतं. बाकीचं नववीत सावकाश येतं.

आता एक नमुना बघा. ‘माय फादर आर फार्मर.’ ‘माय ग्रँडफादर आर ओल्ड.’ ‘अवर सर आर गुड.’ पण त्याच वहीत, त्याच मुलाने लिहिलेलं ‘माय मदर इज’ मात्र हमखास बरोबर. मुलाला इज आणि आर यांतला फरक कळत नाही असं म्हणावं तर आईच्या वाक्यात तो कसा कळतो? कारण मराठीत ‘माझे वडील शेतकरी आहेत’ आणि ‘माझी आई घरी आहे’. वडील, आजोबा, सर आदरार्थी अनेकवचनात, आई एकवचनात. मुलाने आदर जसाच्या तसा इंग्रजीत नेला. हे उलगडून दाखवल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं, कारण लाल शाईखाली दडलेलं त्यांचं बरोबर असणं कुणीतरी पाहिलेलं असतं. मग सांगायचं, इंग्रजीत माणसं मोजून इज किंवा आर लावतात, मान बघून नाही. वडील एक, म्हणून इज. अवघड जातं ते वडिलांना ‘ही’ म्हणणं. एका मुलीने वडिलांवरच्या सहा ओळींत प्रत्येक ओळ ‘माय फादर’नेच सुरू केली होती. ‘ही’ लिही म्हटलं तर म्हणाली, ‘अरेतुरे केल्यासारखं वाटतं.’ मी तिला तसंच राहू दिलं. इंग्रजी म्हणून ते चूक नव्हतं आणि ‘ही’ दोन महिन्यांनी तिच्या लिहिण्यात आपसूक आला. मला ‘यू’ म्हणतानाही मुलं अडखळतात. तू, तुम्ही, आपण सगळ्यांना एकच ‘यू’ हे पटायला वेळ लागतो, आणि तो द्यावा.

लिंगाचंही तसंच. ‘शी इज अ चेअर’ हे वाक्य मुलं विनोदाने लिहीत नाहीत. खुर्ची ती, पंखा तो, टेबल ते. मराठीत प्रत्येक वस्तूला लिंग आहे आणि विशेषण, क्रियापद सगळं त्यानुसार हलतं. इंग्रजीत निर्जीव वस्तू सगळ्या ‘इट’. हे मी ओझं कमी झालं म्हणून सांगते. इंग्रजी शिकणाऱ्याला खुर्चीचं लिंग पाठ करावं लागत नाही, मराठी शिकणाऱ्याला लागतं, आणि ते तुम्ही न शिकता करता. वर्गातल्या सगळ्यांत मागे राहणाऱ्या मुलालाही ‘मोठी खुर्ची, मोठा पंखा, मोठं टेबल’ यात कधी विचार करावा लागत नाही. हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

‘एस’चा खेळ आमच्या वर्गात सगळ्यांना आवडतो. ‘बॉईज प्लेज’ आणि ‘बॉय प्ले’ अशी दोन्ही चुकीची वाक्यं मुलं लिहितात. एस म्हणजे अनेकवचन हे डोक्यात बसलेलं असतं, तेव्हा मुलगे अनेक तर खेळणंही अनेक. मी ‘एस’ लिहिलेली एकच चिठ्ठी देते. बॉयचा एस बॉयने घेतला तर प्लेला उरत नाही: बॉईज प्ले. बॉयने नाही घेतला तर प्ले घेतो: बॉय प्लेज. चिल्ड्रनसारखे शब्द यात बसत नाहीत, ते वेगळे सांगते. पण खरी गंमत प्रश्न करताना. मराठीत प्रश्न करायचा तर वाक्य आहे तसं ठेवून शेवटी ‘का’ जोडला की झालं. ‘तू भाकर खातोस का?’ इंग्रजीत हा ‘का’ सुरुवातीला येऊन बसतो आणि त्याचं नाव ‘डू’. ‘डू यू ईट भाकरी?’ पण ‘ही ईट्स’चा प्रश्न करायचा तर? ‘डू’ झालेली मुलगी पुढे येऊन उभी राहते आणि ‘ईट्स’ झालेल्या मुलाच्या हातातली एसची चिठ्ठी स्वतःकडे घेते. ती झाली ‘डज’, तो राहिला ‘ईट’. ‘डज ही ईट?’ चिठ्ठी एकच असल्यामुळे ‘डज ही ईट्स’ होऊच शकत नाही. ‘नॉट’ आला की तोच खेळ. भूतकाळात चिठ्ठीवर ‘काल’ लिहिते: ‘डिड’ने काल घेतला की ‘वेंट’ परत ‘गो’ होतो. ‘डिड यू वेंट’ ही चूक मोठी माणसंही करतात, पण आमची सातवीतली मुलं ती ऐकली की ‘दोन चिठ्ठ्या झाल्या’ म्हणतात. पहिल्या रकान्यातल्या वाक्यांना डू लागत नाही, तिथे इज स्वतःच उठून पुढे येतो. ‘इज युअर मदर ॲट होम?’ तेव्हा प्रश्न करण्याआधी वाक्य कुठल्या रकान्यातलं ते ओळखायचं, मग हात लावायचा.

आता ‘म्या’बद्दल सांगते, कारण हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडची मुलं ‘मी जातो’ म्हणतात, पण ‘म्या भाकर खाल्ली’ म्हणतात. शाळेत ‘म्या’ म्हटलं की ‘नीट बोल’ असं ऐकून घ्यावं लागतं. खरं तर जुन्या मराठीत, संतांच्या वाङ्मयात ‘म्यां’ आहेच. आणि मुलं तो कुठेही वापरत नाहीत. ‘म्या जातो’ असं कुणी म्हणत नाही. काम करून झालं असेल, त्याला कर्म असेल, तिथेच ‘म्या’. म्हणजे वाक्यात आपण कोणत्या भूमिकेत आहोत त्यानुसार स्वतःसाठीचा शब्द बदलायचा, हे या मुलांना लहानपणापासून येतं. इंग्रजी ‘आय’, ‘मी’ (me), ‘माय’ शिकवताना मी फळ्यावर आधी ‘मी, म्या, मला, माझं’ लिहिते. वर्गात ‘म्या’ फळ्यावर आलेला पाहून मुलं आधी बिचकतात, मग खुलतात. त्यांच्या चार रूपांसमोर इंग्रजीची तीन. मी आणि म्या दोन्हींचा आय, मलाचा इंग्रजी ‘मी’, माझंचा माय.

पण ‘मला’ पाशी सांभाळावं लागतं, कारण मराठीत ‘मला’ फार ठिकाणी येतो. मला आंबा आवडतो, मला भूक लागली, मला ताप आला, मला माहीत आहे, मला पोहता येतं, मला वही पाहिजे. यातलं एकही वाक्य इंग्रजीत मलाने सुरू होत नाही. सगळीकडे आय पुढे येतो आणि मागचं क्रियापद प्रत्येक वेळी वेगळं: आय लाइक, आय ॲम हंग्री, आय हॅव फीवर, आय नो, आय कॅन, आय वाँट. इथे मी नियम सांगत बसत नाही. ही सहा वाक्यं पाठ करून घेते, रोज परिपाठानंतर, हातवारे करून. यातून बाहेर पडलेलं मूल ‘टू मी मँगो लाइक’ लिहीत नाही आणि शिवाय त्याला आपली भूक, ताप, हवं-नको इंग्रजीत सांगता येतं.

‘हॅव’ला आपल्याकडे एक शब्द नाही. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे सायकल आहे, गाईला शिंगं आहेत, खोलीला दोन दारं आहेत. चारही ठिकाणी ‘आहे’, म्हणून मुलं इज-आर घालतात: ‘माय टू ब्रदर्स आर’. यावर माझा उपाय साधा आहे. ‘आहे’ दिसला की विचारायचं, कुणाचं काही आहे का? कुणाचं काही असेल तर हॅव किंवा हॅज, आणि ज्याचं आहे तो पुढे. नुसतंच काही कुठे असेल किंवा कसं असेल तर इज. सहावीत एवढ्यावर चांगलं भागतं.

भूतकाळ मी मुद्दाम आनंदाने शिकवते. फळ्यावर लिहिते: आंबा खाल्ला, भाकर खाल्ली, केळं खाल्लं, आंबे खाल्ले, चिंचा खाल्ल्या. काय खाल्लं त्यावर क्रियापद बदलत जातं. मग खाली इंग्रजी: एट, एट, एट, एट, एट. खाणारा कुणीही असो, खाल्लेलं काहीही असो, एकच रूप. मुलांचा विश्वासच बसत नाही. ‘मुलगी असली तरी?’ हो, तरी. ‘लई जण असले तरी?’ तरी. इंग्रजी अवघड आहे असं ऐकत आलेल्या मुलांना एका ठिकाणी तरी ते मराठीपेक्षा सोपं निघालं, याचा त्यांना फार धीर येतो.

त्याची किंमत म्हणजे गो-वेंट-गॉन. ज्या क्रिया दिवसभर लागतात त्याच नेमक्या वाकड्या चालीच्या: गो, कम, ईट, सी, टेक, गिव्ह, ब्रिंग, कट. पाठांतराला हल्ली नावं ठेवली जातात, पण इथे मी पाठांतराच्या बाजूने उभी आहे. याला नियम नाही, समजून घेण्यासारखं काही नाही, तेव्हा पाढ्यांसारखं म्हणायचं. फक्त मोठा तक्ता पुरवून फायदा नाही. गावात, घरात, शेतात लागणारी तीसेक क्रियापदं घट्ट करायची आणि प्रत्येकाचं एक वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं लिहायचं. ‘कट’ सगळ्यात लाडकं, कारण ते तिन्ही रूपांत कट-कट-कटच राहतं, आणि कट म्हणजे काय हे आमच्या मुलांना सांगावं लागत नाही.

दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रकवर, ट्रॅक्टरवर संसार चढतो आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे किंवा पार कर्नाटकात गळीत हंगामाला माणसं जातात. काही मुलं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात. परततात ते मार्च-एप्रिलात, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. जूनमध्ये सुरू केलेलं व्याकरण दिवाळीला अर्ध्या वर्गासाठी तुटतं. हे दरवर्षी होणार हे माहीत असताना पुस्तकाच्या क्रमाने चालणं मला पटेना, म्हणून पहिल्या सत्रातच वाक्याची जागा, तीन रकाने, एसची चिठ्ठी आणि ‘मला’ची सहा वाक्यं संपवायची असं मी ठरवून टाकलं आहे. भूतकाळ मुलं परत आल्यावर. तेव्हा सांगायला त्यांच्याकडे पाच महिन्यांचा भूतकाळ असतो.

जाणाऱ्या मुलांसोबत एक पातळ वही देते. तिच्या प्रत्येक पानावर वर एक क्रियापद, खाली जागा. कट, टाय, लोड, कॅरी, कुक, वॉश, स्लीप, वेट. रोज जमेल तसं आजूबाजूला जे चाललंय त्याचं एक वाक्य लिहायचं. बऱ्याच वह्या कोऱ्या परत येतात, काही हरवतात, काहींची पानं चूल पेटवायला गेलेली असतात. फडावर पहाटे उठून लहान भावंडं सांभाळणाऱ्या मुलीने वही भरावी अशी सक्ती मी करू शकत नाही. पण भरलेल्या आल्या की मी त्या फार जपून वाचते. ‘माय फादर कट्स शुगरकेन. माय मदर टाइज मोळी. द ट्रक कम्स ॲट नाइट. आय कॅरी माय सिस्टर.’ कट्स, टाइज, कम्स, प्रत्येक ठिकाणी एस जागेवर. आणि ‘आय कॅरी’ला नाही. चाचणीत ‘ही ____ टू स्कूल’ अशा गाळलेल्या जागा भरून जे मला कधी कळलं नसतं ते अशा एका पानावरून कळतं. ‘मोळी’ला इंग्रजी शब्द सापडला नाही म्हणून तिने मोळी तशीच ठेवली, तेही मला योग्यच वाटलं.

परत आलेल्या मुलांना वर्गात मिसळून घ्यायला मी त्यांना त्या वह्यांतलं भूतकाळात सांगायला लावते. ‘माय फादर कट्स’चं ‘माय फादर कट’, ‘द ट्रक कम्स’चं ‘द ट्रक केम’. मागे राहिलेली मुलं प्रश्न विचारतात: ‘डिड यू गो टू द रिव्हर?’ ‘व्हॉट डिड यू ईट?’ अशा वेळी मागे पडलेलं मूल वर्गाला माहीत नसलेलं काहीतरी सांगत असतं, आणि चिठ्ठीचा नियम दोघांनाही पाळावा लागतो.

कॅपिटल अक्षरांसाठी वेगळा तास मी घेत नाही, रोज थोडं थोडं टोकते. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे ते हाताला वळण लागण्याचं काम आहे. पूर्णविरामाचं सोपं, तो मराठीत आधीपासून असतो. आपली विरामचिन्हं एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कोशकार मेजर कँडी यांच्यामुळे इंग्रजीतूनच मराठीत रुजली, हे आठवीच्या मुलांना सांगितलं की ती कान टवकारतात. सातवीत व्याख्या येतात तेव्हाही इतिहासाचा असाच उपयोग होतो. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठी व्याकरण लिहिलं ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर, म्हणून नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद वगैरे ही आठ खणांची मांडणी दोन्हीकडे जुळते. मराठीच्या तासाला शिकलेलं इथे चालतं, पुन्हा पाठ करायला नको. एकच खण उलटा बसतो. आपलं शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे चिकटतं, ‘टेबलावर’, आणि इंग्रजीचं नामाच्या पुढे सुटं उभं राहतं, ‘ऑन द टेबल’.

‘अ’ आणि ‘ॲन’ मात्र आमच्या लिपीमुळे अगदी सोपं होतं. ए, ई, आय, ओ, यू आलं की ॲन असं शिकवलं की मुलं ‘अ अवर’ (hour) आणि ‘ॲन युनिव्हर्सिटी’ लिहिणारच. मी शब्द देवनागरीत लिहायला लावते. अवर: सुरुवात ‘अ’ने, स्वर, म्हणून ॲन. युनिव्हर्सिटी: सुरुवात ‘य’ने, व्यंजन, म्हणून अ. ‘वन-डे मॅच’चा ‘व’, म्हणून अ. स्वर-व्यंजन त्यांना प्राथमिक वर्गांपासून ठाऊक आहेत आणि देवनागरी उच्चार लिहिते, स्पेलिंग नाही. शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावात हा प्रश्न आमच्या मुलांचा सहसा चुकत नाही.

‘द’ मी आठवीपर्यंत मागे ठेवते. सहावी-सातवीत तो वाक्यात सुटला तर लाल खूण करत नाही. मराठीत त्याला जोडीदार नाही. ‘गाय आली’ म्हणताना कोणती गाय हे आपण संदर्भावरून घेतो, त्यासाठी शब्द खर्च करत नाही. जे मराठीत नाही ते ऐकून ऐकूनच येणार, आणि आमच्या मुलांच्या कानावर इंग्रजी पडतं ते वर्गातल्या तासापुरतं. म्हणून आठवीला मी धड्यातला एखादा परिच्छेद ‘द’ गाळून फळ्यावर लिहिते, मुलं मोठ्याने वाचतात, मग पुस्तकाशी ताडून बघतात आणि प्रत्येक ठिकाणी ‘कोणती ते आधी सांगून झालंय का?’ असं विचारतात. निम्म्या जागांचा उलगडा याने होतो. उरलेल्या निम्म्या अजून माझ्या हाताला नीट लागलेल्या नाहीत.

वार-वेळेच्या शब्दांचंही तेच. सोमवारी, सकाळी, रात्री. मराठीत तिन्हींना एकच ‘ई’. इंग्रजीत ऑन मंडे, इन द मॉर्निंग, ॲट नाइट. वार आला की ऑन एवढं सांगता येतं, पण सकाळला इन आणि रात्रीला ॲट का, हे मुलं विचारतात तेव्हा मी सरळ सांगते की याचा नियम माझ्याकडे नाही, इंग्रजी बोलणारे असंच म्हणतात. सध्या सातवीचा वर्ग आपापल्या दिवसाचं वेळापत्रक इंग्रजीत लिहून भिंतीवर लावतोय: कोण पाचला उठतं, कोण सातला शेळ्या सोडतं, सोमवारी कुणाच्या घरी बाजार असतो. दिवाळीआधी ते पुरं करायचं आहे.